स्टॅनफर्डचा फुकट फिलॉसफी विश्वकोश: सेक्स-जेंडरच्या वादासाठी कितपत कामाचा?

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय, आणि त्यातला अर्धा निव्वळ एकही जाहिरात मधे येत नाही म्हणून.

स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी, वापरणारे सगळे एसईपी म्हणतात. १९९५ पासून चालू आहे, एडवर्ड झाल्टा नावाच्या तत्त्वज्ञाने सुरू केला, पूर्ण फुकट, लॉगिन नाही, कुकीचं पॉपअप नाही, कुणी मधेच येऊन तुमचा ईमेल मागत नाही. नोंदी त्या त्या विषयात काम करणाऱ्या माणसांकडून लिहून घेतात, संपादक तपासतात, आणि लेखकाने ती नोंद काही वर्षांनी परत अपडेट करायची असते. विकिपीडियासारखं कुणीही येऊन वाक्य बदलून गेला असं होत नाही. आम्हा साताऱ्याकडच्या लोकांना विश्वकोश म्हटलं की वाई आणि तर्कतीर्थच आठवतात, त्यामुळे विश्वकोश या प्रकाराबद्दल माझ्या अपेक्षा जरा जास्त असतात हे आधीच सांगून ठेवते.

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला बॉक्सिंगवरून, म्हणजे महिला गटातली बॉक्सर खरंच बाई आहे का यावरून, जो राडा झाला त्यानंतर वर्गात, स्टाफरूममध्ये, नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळीकडे एकच विषय आणि प्रत्येकाला उत्तर माहीत. त्यात ट्रान्सजेंडर व्यक्ती आणि जन्मतःच शरीराची जडणघडण वेगळी असलेली व्यक्ती हे दोन वेगळे प्रश्न आहेत हेही बहुतेकांना मान्य नव्हतं, म्हणजे जी बॉक्सर ट्रान्स नाहीच तिच्यावरून लोक ट्रान्स लोकांना शिव्या देत होते. मुलं विचारायला लागली, मॅडम नक्की व्याख्या काय. पुस्तकातला एक्स-एक्स एक्स-वायचा तक्ता दाखवून गप्प करता आलं असतं पण पुढच्याच पानावर टर्नर आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम आहेत ना, म्हणजे एक्स-वायची नेहमीची जोडीच नसलेली माणसं. म्हणून म्हटलं फिलॉसफीवाले काय म्हणतात ते एकदा नीट वाचू.

या विषयाच्या दोन मुख्य नोंदी आहेत. एक मारी मिकोला यांची, फेमिनिस्ट दृष्टीतून सेक्स आणि जेंडर, २००८ साली पहिल्यांदा आलेली. दुसरी टालिया बेचर यांची, ट्रान्सच्या प्रश्नांबद्दल, २००९ ची. बेचर स्वतः ट्रान्स आहेत आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. आधी मिकोलांचीच वाचा, दुसरी त्याशिवाय डोक्यावरून जाईल.

मिकोलांची सुरुवात मला फार आवडली. १८८९ मध्ये गेडेस आणि थॉमसन या दोघा शास्त्रज्ञांनी म्हटलं होतं की बायका शरीरात ऊर्जा साठवतात म्हणून त्या शांत, सुस्त, राजकारणात रस नसलेल्या, आणि पुरुष ऊर्जा खर्च करतात म्हणून उत्साही, धडपडे वगैरे. आणि मग त्यावरून निष्कर्ष काय, तर बायकांना राजकीय हक्क देऊन उपयोग नाही, कारण जे आदिम एकपेशीय जिवांच्या काळात ठरून गेलंय ते पार्लमेंटच्या कायद्याने रद्द होणार नाही. वाचताना हसू येतं आणि मग आठवतं की यातले पॅट्रिक गेडेस म्हणजे तेच, जे नंतर भारतात नगररचनाकार म्हणून फिरले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग ज्यांनी सुरू केला! हे नोंदीत नाहीये, हे माझं. पण ज्या माणसाला शहरं इतकी बारकाईने दिसत होती त्याला बाई अशी दिसावी याचं मला अजून नवल वाटतं. नोंदीतच पुढे १९७० च्या दशकातलं उदाहरण आहे, बायकांचे हार्मोन्स महिन्यातून एकदा अस्थिर होतात म्हणून त्यांना पायलट करू नये असं म्हणणारे लोक होते.

तर याला उत्तर म्हणून फेमिनिस्ट मंडळींनी सेक्स आणि जेंडर वेगळं केलं. शरीर एक, आणि त्या शरीरावर समाजाने लादलेलं वागणं-बोलणं-दर्जा दुसरं. इथपर्यंत सगळं सोपं आहे आणि इथपर्यंत बीएड झालेल्या कुणालाही माहीत असतं. खरी मजा पुढे आहे, कारण पुढची चाळीस-पन्नास वर्षं हीच मंडळी आपणच काढलेली ही रेघ खरी आहे का यावर भांडतायत.

फेमिनिस्ट तत्त्वज्ञ सॅली हॅस्लँगर यांची २००० सालची व्याख्या मला सगळ्यात जास्त झटका देऊन गेली. त्यांच्या मते बाई असणं म्हणजे विशिष्ट अवयव किंवा विशिष्ट स्वभाव नाही, तर ज्या व्यक्तीच्या शरीरावरून लोक धरून चालतात की ही मूल जन्माला घालणाऱ्या बाजूची आहे, आणि त्यामुळेच तिला खालचं स्थान देतात, ती व्यक्ती बाई. म्हणजे बाई हे एक सामाजिक स्थान झालं, जसं भाडेकरू किंवा सावकार हे स्थान असतं. यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे मग जिला कुणीच खालचं स्थान देत नाही ती बाई नाही का, इंग्लंडची राणी बाई नाही का. हॅस्लँगरबाईंचं म्हणणं थोडक्यात असं की मला शब्दकोश लिहायचा नाहीये, अन्यायाशी लढायला कुठली संकल्पना उपयोगी पडेल ते शोधायचंय. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं पण पुरेसं वाटत नाही, कारण उपयोगी संकल्पना आणि खरी संकल्पना यात कधीतरी फरक पडणारच.

आणि पडलाच. २०१६ मध्ये कॅथरिन जेन्किन्स यांनी दाखवलं की या व्याख्येत ज्या ट्रान्स स्त्रियांना आजूबाजूचे लोक बाई म्हणून बघतच नाहीत त्या बाहेर राहतात. मग त्यांनी दोन अर्थ सुचवले, एक सामाजिक वर्ग म्हणून बाई आणि दुसरा ओळख म्हणून बाई, आणि ओळख म्हणजे काय तर त्या वर्गातल्या माणसाला समाजात वावरायला लागतो तो नकाशा तुमच्या मनात तयार झालेला असणं. थिअरीच्या सगळ्या जंगलात मला हा नकाशाचा भाग सगळ्यात जास्त कळला. कारण उलट बाजूचा नेहमीचा मुद्दा असा असतो की स्त्री म्हणजे जी स्वतःला स्त्री मानते असं म्हटलं तर व्याख्या गोल फिरते, मानते म्हणजे नक्की काय मानते? हा आक्षेप पोकळ नाही, टोमास बोगार्डस वगैरे लोकांनी तो नीट पेपरमध्ये मांडलाय. नकाशाची कल्पना निदान त्या गोल फिरण्यातून बाहेर पडायचा प्रयत्न करते. जमतं का पूर्ण? माझ्या मते अर्धंच. रात्री एकटं चालताना किल्ली बोटात धरायची हे माझ्या नकाशात आहे, पण ते माझ्या मुलाच्या नकाशात पण आता थोडंफार आलंय, मीच शिकवलंय.

ज्युडिथ बटलर या अमेरिकन तत्त्वज्ञांचा भाग कठीण आहे हे सांगूनच टाकते. त्यांचं म्हणणं की सेक्स हे आधी आणि जेंडर नंतर असं नाहीच, शरीराकडे बघून मुलगी झाली असं म्हणणं हीच मुळात एक सामाजिक कृती आहे. पहिल्यांदा वाचलं की वाटतं काहीतरीच काय, डॉक्टर बघतो आणि सांगतो, त्यात कृती कसली. पण आपल्याकडे महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला, तो नेमका कशावर बंदी घालतो? तपासणीवर तर आहेच, पण एक वाक्य उच्चारण्यावरही. सोनोग्राफीच्या खोलीत ते वाक्य बोलणं गुन्हा आहे कारण त्या वाक्याने जीव जातो. बटलर समजायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी कुठे मिळालं नाही.

आणि गंमत बघा, हेच उदाहरण विरुद्ध बाजूलाही तितकंच बळ देतं. त्या गर्भाला कसलीही ओळख नसते, मनात नकाशा नसतो, त्याने स्वतःबद्दल काही मानलेलं नसतं. त्याला फक्त शरीर असतं आणि त्या शरीराच्या प्रकारावरूनच त्याचा निकाल लागतो. म्हणून ज्या तत्त्वज्ञ बायका म्हणतात की बायकांवरचा अन्याय मोजायचा असेल तर शरीराचा वर्ग वेगळा मोजता आलाच पाहिजे, त्यांना वेड्यात काढून चालणार नाही. ॲलेक्स बर्न हे एमआयटीचे तत्त्वज्ञ, २०२० मध्ये त्यांनी एक पेपर लिहिला की बाई म्हणजे प्रौढ मानवी मादी, बस, यात सामाजिक काही घालायची गरज नाही. पुढच्या वर्षी त्याच जर्नलमध्ये रॉबिन डेम्ब्रॉफ यांनी उत्तर दिलं, साधारण असं की लोक आत्ता शब्द कसा वापरतात हे दाखवून तो वापर बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. हे दोन्ही पेपर मूळातून वाचा, विश्वकोशातल्या सारांशाने काम भागत नाही. पण एसईपीबद्दल माझी पहिली तक्रार इथेच, उदाहरणं सगळी अमेरिका-युरोपची. भारत, चीनमधल्या कोट्यवधी न जन्मलेल्या मुलींच्या प्रश्नावर हा सगळा वाद किती वेगळा दिसला असता.

आता दुसरी आणि मोठी तक्रार, ही बायोलॉजीच्या मास्तरणीची.

मिकोलांच्या नोंदीत सेक्सची व्याख्या देताना कंसात काय दिलंय तर क्रोमोसोम, जननेंद्रियं, हार्मोन्स आणि इतर शारीरिक वैशिष्ट्यं. या यादीत गॅमेट्स नाहीत! अंडं आणि शुक्रपेशी यांचाच पत्ता नाही. अहो ज्या गोष्टीवरून जीवशास्त्र नर आणि मादी हे शब्द वापरतं तीच गायब. क्रोमोसोम ही व्याख्या होऊच शकत नाही, बारावीच्या पोरालाही कळेल कसं ते. माणसात एक्स-वाय म्हणजे नर, पण पक्ष्यांमध्ये वेगवेगळी क्रोमोसोम असलेली मादी असते. मधमाशीत नराला बापच नसतो, न फळलेल्या अंड्यातून तो येतो. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची अंडी जपतात ना, त्या कासवांमध्ये तर वाळूच्या तापमानावर ठरतं, गरम घरट्यातून माद्या जास्त. मग या सगळ्यांत नर कुणाला म्हणायचं हे आपण कशावरून ठरवतो? जो छोटी, हलणारी जननपेशी बनवतो तो नर आणि जी मोठी, अन्न साठवलेली बनवते ती मादी. क्रोमोसोम, तापमान ही झाली तिथपर्यंत पोचायची यंत्रणा. यंत्रणा बदलते, व्याख्या तीच राहते.

हे न सांगता एकदम क्रोमोसोम, हार्मोन, अवयव यांची यादी दिली आणि मग म्हटलं की बघा या तिन्ही गोष्टी नेहमी जुळत नाहीत, म्हणून सेक्सचं वर्गीकरण निव्वळ बायोलॉजीचा मामला नाही, तर तो युक्तिवाद फार स्वस्तात मिळवल्यासारखा वाटतो. मला निष्कर्ष चूक वाटतो असं नाही, पण रस्ता आखूड पडतो.

तिथेच तो १.७ टक्क्यांचा आकडा पण येतो, ॲन फॉस्टो-स्टर्लिंग यांच्या २००० सालच्या पुस्तकातला, की इतके लोक नेहमीच्या नर-मादी साच्यात नीट बसत नाहीत. एका वाक्यात येतो आणि निघून जातो. तो आकडा उघडून बघितला तर त्यातले दीड टक्का हे उशिरा दिसणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या एका विकाराचे आहेत, ज्यातल्या बहुतेक बायकांना पाळीची अनियमितता किंवा अंगावर केस एवढंच जाणवतं आणि त्यांच्या बाई असण्याबद्दल कुणाला, त्यांच्या डॉक्टरलासुद्धा, कधी शंका येत नाही. लेनर्ड सॅक्स यांनी २००२ मध्ये फक्त ज्यांच्यात क्रोमोसोम आणि दिसणारं शरीर जुळत नाही किंवा शरीरावरून सांगताच येत नाही असे धरून ०.०१८ टक्के काढला. लाखात सतराशे की लाखात अठरा, एवढा फरक, आणि तो फरक पूर्णपणे तुम्ही कुणाला मोजायचं ठरवता यावर आहे. तत्त्वज्ञानाच्या विश्वकोशाने हे सांगायला नको? हाच तर त्यांचा धंदा आहे. अर्थात लहान आकडा घेतला तरी, २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या घेऊन ढोबळ हिशोब केला तर वीस हजारांच्या आसपास माणसं येतात. लाखात अठरा म्हणजे कुणीच नाही असं जे लोक व्हॉट्सॲपवर लिहितात त्यांनी हा गुणाकार करून बघावा.

बरं, मग गॅमेट्सची व्याख्या घेतली की सगळं सुटलं का? तर नाही, आणि हा भाग मला बाहेरून शोधावा लागला. पॉल ग्रिफिथ्स हे जीवशास्त्राचं तत्त्वज्ञान करणारे, त्यांचं म्हणणं असं की सेक्स दोनच आहेत हे खरं, पण याचा अर्थ प्रत्येक जीव कायम या दोघांपैकी एक असतोच असा नाही. गांडूळ एकाच वेळी दोन्ही असतं. क्लाउनफिश आधी नर असतो मग मादी होतो. कामकरी मधमाशी बहुतेक वेळा काहीच निर्माण करत नाही. आणि माणसाचं लहान मूल तरी कुठे काय निर्माण करतं? म्हणजे दोन हे प्रक्रियेचे प्रकार आहेत, माणसं टाकायचे दोन डबे नाहीत. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण दोन्ही बाजूचे लोक जे ओरडत असतात, सेक्स दोनच आहेत आणि सेक्स स्पेक्ट्रम आहे, त्यातल्या पहिल्यांचं विधान बरोबर आहे पण त्यावरून ते जे काढतात ते निघत नाही, आणि दुसऱ्यांना जे काढायचंय त्यासाठी त्या विधानाची गरजच नाही.

कारण असं बघा की कुठलीही कचेरी, कुठलं क्रीडा फेडरेशन, कुठलं भरती बोर्ड गॅमेट्स तपासत नाही. ते तपासतात जे तपासायला सोपं आहे ते. १९६० च्या दशकात गालाच्या आतली पेशी घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचे. मारिया मार्तिनेझ-पातिन्यो ही स्पेनची हर्डल्स धावपटू, १९८५ मध्ये कोबेच्या स्पर्धेत तिला एक्स-वाय निघालं, तोवर तिला स्वतःला माहीत नव्हतं, शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाही अशी तिची अवस्था. तिचा उल्लेख मिकोलांच्या नोंदीत आहे आणि तो छान जमलाय. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला ३,३८७ महिला तपासल्या त्यात आठ जणींची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि शेवटी आठही जणींना खेळू दिलं. १९९९ मध्ये ऑलिम्पिक कमिटीने सरसकट तपासणी सोडूनच दिली. आपली शांती सौंदराजन, २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरचं रौप्य जिंकली आणि तपासणीनंतर ते काढून घेतलं. आपलीच धावपटू द्युती चंद, तिने २०१५ मध्ये क्रीडा लवादात केस लढून तेव्हाचा नियम, म्हणजे महिलांच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनवर घातलेली मर्यादा, स्थगित करून घेतला. आणि आता १ सप्टेंबर २०२५ पासून वर्ल्ड ॲथलेटिक्सने परत जीनवर उडी मारली, जागतिक स्पर्धांना महिला गटात उतरायचं तर एकदा एसआरवाय जीनची, म्हणजे वाय क्रोमोसोमवरच्या वृषण बनवायला लावणाऱ्या जीनची, टेस्ट द्यायची. यात विनोद असा की १९९० मध्ये हा जीन शोधणाऱ्यांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच जाहीर विरोध केला, की हा जीन आहे की नाही एवढंच टेस्ट सांगते, तो काम करतोय का, वृषण बनले का, हार्मोन बनतो का, शरीर तो वापरू शकतं का, यातलं काहीच सांगत नाही.

खेळापुरतं मी म्हणेन की वेगळा महिला गट का आहे या प्रश्नाला उत्तर आहे, पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनमुळे मिळणारा फायदा. मग नियमही त्याच प्रश्नाभोवती असायला हवा, आणि त्यातून ट्रान्स खेळाडूंबद्दल कडक नियम निघाला तरी तो निदान कशासाठी आहे हे सांगता येईल. पण तोच नियम उचलून पोलीस स्टेशनला, हॉस्टेलला, रेशनकार्डाला लावायचा? आपल्याकडचीच केस घ्या. २०१८ च्या नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत एक तरुणी सगळ्या परीक्षा पास झाली, मेडिकलमध्ये गर्भाशय आणि बीजकोश नाहीत असं निघालं, मग क्रोमोसोम तपासले तर ते पुरुषाचे, झालं, नोकरी गेली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली, शाळा मुलगी म्हणून, सगळी कागदपत्रं मुलगी म्हणून. मे २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि माधव जामदार यांच्यापुढे ते गेलं आणि कोर्टाने तिला शिपाई पद सोडून पोलीस खात्यातल्या दुसऱ्या पदावर घ्यायला सांगितलं. पोलीस भरतीला गर्भाशय कशाला लागतो हा प्रश्न मला अजून पडतो. लेखी आणि मैदानी दोन्ही ती पास झाली होती की.

कोर्टांचा विषय निघालाच आहे तर एसईपीच्या जोडीला दोन निकाल वाचा, तत्त्वज्ञान तिथे जास्त जिवंत आहे. १५ एप्रिल २०१४ चा आपल्या सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल, ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायदेशीर ओळखीबद्दलचा, न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री. त्यात १९७० ची इंग्लंडमधली कॉर्बेट केस घेतलीय, एका ट्रान्स स्त्रीचं लग्न कायदेशीर आहे का याची, जिथे न्यायाधीश ऑर्मरॉड, जे स्वतः डॉक्टर होते, म्हणाले की क्रोमोसोम, ग्रंथी आणि जननेंद्रिय जन्मतः काय होते ते बघायचं, ऑपरेशन धरायचं नाही. आपल्या कोर्टाने ते नाकारलं आणि शरीराच्या चाचणीऐवजी मनाची कसोटी घेतली. आणि १६ एप्रिल २०२५ चा ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल, फॉर विमेन स्कॉटलंड, त्यात २०१० च्या समानता कायद्यातला सेक्स म्हणजे बायोलॉजिकल सेक्स असं ठरलं. पण हे वाचताना लक्षात ठेवा, त्या कोर्टाने आम्ही फक्त या कायद्यापुरतं बोलतोय, बाई म्हणजे काय हा सगळा सार्वजनिक वाद सोडवणं आमचं काम नाही असं बजावलंय. तो भाग हेडलाइनमध्ये आला नाही, आनंद करणाऱ्यांच्याही आणि रडणाऱ्यांच्याही.

दुसऱ्या नोंदीबद्दल थोडक्यात. बेचर यांच्या नोंदीत फेमिनिस्ट चळवळीतलंच भांडण आहे, १९७९ मध्ये जॅनिस रेमंड यांनी ट्रान्स स्त्रियांवर चढवलेला हल्ला, त्यात नाव घेऊन सँडी स्टोन यांच्यावर, आणि मग स्टोन यांचं १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर. स्टोन यांचं म्हणणं मला पटलं की ट्रान्स माणसांना डॉक्टरकडून उपचार मिळवायचे तर डॉक्टरला ऐकायची असते तीच गोष्ट सांगावी लागते, चुकीच्या शरीरात अडकलेला आत्मा वगैरे, आणि मग डॉक्टर म्हणतात बघा सगळे हेच सांगतात. आपल्याकडे दाखल्यासाठी ऑफिसात गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला लागणार नाही. ही नोंद पहिलीपेक्षा जड आहे, नावांची गर्दी आहे, आणि लेखिकेची बाजू कुठली आहे ते लपत नाही. मला त्याचा त्रास झाला नाही, पण ज्यांना दोन्ही बाजू समान वजनाने हव्यात त्यांनी बर्न वगैरे लोकांचं लिखाण वेगळं काढून ठेवा. आणखी एक, हिजडा, जोगती यांच्या परंपरा शोधायला इथे येऊ नका. त्या जगाचे प्रश्न, म्हणजे गुरू-चेला, घराणं, दीक्षा, रोजगार, हे या वादाच्या चौकटीत बसतच नाहीत, आणि ट्रान्सजेंडर या एका शब्दाखाली ते सगळं कोंबल्याबद्दल आपल्याकडे जी नाराजी आहे तिचं तत्त्वज्ञान कुणीतरी मराठीतच लिहायला हवं.

वापरायला कसं आहे? मोबाइलवर वाचता येतं पण नोंदी लांबलचक, एकही चित्र नाही, अक्षरं बारीक, मी शेवटी लॅपटॉपच घेतला. सुरुवातीच्या अनुक्रमणिकेवरून थेट हव्या त्या भागावर जाता येतं हे उत्तम. प्रत्येक नोंद कधी पहिली आली आणि शेवटची सुधारणा कधी झाली ते वरच लिहिलेलं असतं, ते बघत जा, या विषयात पाच वर्षं म्हणजे फार. जुन्या आवृत्त्याही साठवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे लेखकाने मधल्या काळात काय बदललं ते पडताळता येतं, ही सोय मला कुठल्याच छापील कोशात मिळाली नाही. नीटनेटकी पीडीएफ हवी असेल तर त्यांचं वर्षाचं सदस्यत्व घ्यावं लागतं. इंग्रजी कठीण आहे, पण मिकोला त्यातल्या त्यात सोप्या लिहितात, आणि प्रत्येक भूमिकेनंतर तिच्यावरचे आक्षेप देतात.

बीएड, डीएडवाले, लीगल एडमध्ये काम करणारे, डॉक्टर (विशेषतः भरतीच्या मेडिकलला बसणारे), यांनी मिकोलांची नोंद जरूर वाचावी. वर्गीकरण निव्वळ बायोलॉजीचं आहे का असा एक छोटा भाग आहे, वेळ नसेल तर तेवढाच वाचा आणि शेजारी बारावीचं पुस्तक उघडून ठेवा. कुणाला नातेवाइकांच्या ग्रुपवर फेकायला एका ओळीचं उत्तर हवं असेल तर नाही मिळणार. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी फिलॉसफी ऑप्शनल घेऊन बसलेल्या पोरांना मात्र एसईपी आधीच पाठ असेल, त्यांनी तो १.७ चा आकडा उत्तरपत्रिकेत लिहायच्या आधी कुठून आला तेवढं बघावं.